कर्म कुणाचं?

शेजारच्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं, तेव्हा बस्तीतून परतताना आम्ही चार बायका त्यांच्या घरी गेलो. कुणीतरी म्हणालं, "असातावेदनीय कर्माचा उदय, दुसरं काय!" मीही मान हलवली. मूल आत झोपलंय, असा आमचा समज.

आठ दिवसांनी त्यानं मला विचारलं, "काकू, मी मागच्या जन्मी काय वाईट केलं होतं?"

इतकी वर्षं स्वाध्यायाला बसते, पण मला उत्तर सुचलं नाही.

लहान मुलं आजाराला शिक्षा समजतात. कुणी सांगावंही लागत नाही. आम्ही तर त्यावर शास्त्राचा शिक्का मारला.

या रोगाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात आणि नीट पूर्ण झाले तर पुष्कळ मुलं बरी होतात. हाही बरा झाला. पण शाळेत पाढे विसरू लागला, फळ्यावरचं उतरवताना मागे पडू लागला. बाई म्हणाल्या, "आळशी झालाय." पुन्हा दोष त्याचाच! खरं तर रोग मेंदूत शिरू नये म्हणून मेथोट्रेक्झेटसारखं औषध पाठीच्या कण्यात टोचतात. अशा उपचारांनी काही मुलांचं लक्ष, स्मरण, कामाचा वेग मंदावतो. त्यांची मानसतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, परीक्षेत जादा वेळ मिळावा, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, उपचाराचाच राहिलेला भाग आहे.

कुणी म्हणेल, कर्म खोटं का? माझी श्रद्धा तशीच आहे. पण त्या पोराचा मागला जन्म आपल्याला दिसला कुठे? आपण काय केवलज्ञानी आहोत? तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख, शोक देणं हे असातावेदनीयाच्या आस्रवाचं कारण सांगितलंय. म्हणजे त्या दिवशी त्या घरात कर्म बांधलं गेलं ते आमचं! कर्मसिद्धान्त आपल्या वागण्याला लावायचा, दुसऱ्याच्या दुखण्याला नाही, हे मला उशिरा कळलं.

परवा तो पाढे घेऊन आला. वही बाजूला ठेवून मी म्हटलं, "बाळा, तू काहीसुद्धा केलं नव्हतंस. रक्तातल्या पेशी बिघडल्या होत्या. आणि हे विसरणं औषधामुळे आहे, तुझ्या आळसामुळे नाही."

तो म्हणाला, "मग तुम्ही सगळ्या तसं का म्हणालात?"

"चुकलं रे आमचं."

त्यानं थोडा विचार केला आणि वही पुन्हा पुढे ओढली.