नकाराची जागा

ऑल्डस हक्सले यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या 1932 सालच्या कादंबरीतले राज्य कुणालाही उपाशी ठेवत नाही. तिथे म्हातारपणाची धास्ती नाही, विरहाचे दुःख नाही. मन जरा उतरले की ‘सोमा’ची गोळी घ्यायची, ती शासनच पुरवते. दंगा झाला तर पोलीस सोमाची वाफ फवारतात आणि भांडणारे एकमेकांच्या गळ्यात पडतात. त्याच्या दहा-बारा वर्षे आधी रशियातल्या येवगेनी झाम्यातिन यांनी ‘वुई’ लिहिली. तिच्यात माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या आहेत. दरवर्षी ‘एकमताचा दिवस’ साजरा होतो आणि सगळे हात वर करून त्याच ‘उपकारकर्त्या’ला पुन्हा निवडतात. एका वर्षी हजारो हात विरोधात वर जातात. तेव्हा शासन लोकांच्या डोक्यातली कल्पनाशक्तीच शस्त्रक्रियेने काढून टाकायला घेते. कल्पना करणारा माणूस सुखी राहू शकत नाही, असे त्याचे निदान असते.

अशा कादंबऱ्यांना आपण यंत्रयुगाच्या, महानगरांच्या गोष्टी मानतो. मला मात्र त्यांतल्या मूळ प्रश्नाचा सर्वांत गंभीर विचार महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात झालेला दिसतो. दुसऱ्याने ठरवून दिलेले सुख नाकारायची सोय माणसाजवळ उरली आहे का, हा तो प्रश्न.

सुरुवात चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यापासून करू. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापली आणि सहा कुष्ठरुग्णांना घेऊन आनंदवन उभे केले. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतू निकामी करतात. हातापायांना वेदना कळेनाशी होते. चुलीवरचे भांडे हात भाजते तरी हात मागे येत नाही. काटा रुततो, जखम चिघळते आणि न दुखल्यामुळे बोटे जातात. म्हणून कुष्ठरुग्णाला एक सवय लावावी लागते : रोज आपले हातपाय डोळ्यांनी तपासायचे, कातडीला जे कळत नाही ते नजरेने शोधायचे.

हक्सले आणि झाम्यातिन यांनी अख्ख्या समाजाची वेदना मारून दाखवली. तसे झाले की काय होते, ते आनंदवनातल्या पहिल्या पिढीला आपल्या शरीरावरून ठाऊक होते. त्यांना दया आणि भीक सहज मिळाली असती. बाबांनी त्यांच्या हातात कुदळ दिली, खडकाळ जमिनीत विहीर खणायला लावली, शेती करायला लावली. तिथला आनंद कष्टातून आणि स्वतःच्या कर्तेपणातून आला, म्हणून तो कुणाला परत मागून घेता येत नाही.

सोमाची गोष्ट या मुलखात दारूच्या रूपाने घडली. इंग्रजांच्या काळापासून दारूचे परवाने आणि अबकारी कर हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार राहिला. दुःख विसरायचे साधन आणि शासनाचे उत्पन्न एकाच बाटलीतून येऊ लागले. पुण्यात महात्मा फुले यांनी 1880 साली नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध केला होता. गरिबाच्या गुंगीवर राज्याचा खर्च चालतो, ही विसंगती त्यांनी तेव्हाच ओळखली होती.

गडचिरोलीत लोकांनी या गुंगीविरुद्ध चळवळ उभारली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था आणि गावोगावचे लोक, विशेषतः बायका, त्यात उतरले. 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली बायका 2010 साली चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून तिथेही बंदी आली. 2021 मध्ये ती उठली. अवैध दारू आणि वाढती गुन्हेगारी ही कारणे सरकारने दिली.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बंदी हीसुद्धा स्वातंत्र्यावरची गदाच नव्हे काय? प्यायची की नाही हे प्रौढ माणसाने ठरवावे, सरकारने का? आक्षेप खरा आहे आणि मोहाच्या मुलखात तो आणखी टोकदार होतो. गोंडांच्या देवकार्यात मोहाच्या दारूचा मान असतो. परंपरेतला तो थेंब आणि दुकानातली बाटली यांतला फरक कायद्याच्या कलमाला दिसत नाही. पण जिच्या नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते, जिला रात्री मार खावा लागतो, त्या बाईच्या स्वातंत्र्याचा हिशेबही मांडावाच लागेल. ती चिमूरहून चालत निघाली तेव्हा तिने सोमाला दिलेला तो नकार होता.

मला खटकते ते वेगळेच. 2015 ची बंदी आणि 2021 ची मोकळीक, दोन्ही निर्णय अखेर मुंबईत मंत्रिमंडळाने घेतले. जो निर्णय वरून मिळतो तो वरूनच काढून घेतला जातो. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचे किंवा नियमन करण्याचे अधिकार द्यावेत असे सांगितले आहे. देवापुढचा थेंब आणि गुत्त्यातली बाटली वेगळी काढण्याची ताकद गावाच्या सभेत असू शकते, कारण तिथे दोन्ही गोष्टी ओळखणारी माणसे बसलेली असतात.

अशी सभा कशी चालते, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने दाखवले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. गावातले देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने दोन सवयी लावून घेतल्या : अभ्यासगटात बसून प्रश्न समजून घ्यायचा आणि ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनेच करायचा. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार हाती आला.

झाम्यातिन यांच्या राज्यातही एकमत आहे आणि मेंढ्यातही आहे. त्या राज्यात विरोधातला हात गुन्हा ठरतो. मेंढ्यात एका माणसाची असहमती निर्णय थांबवते. त्याचे म्हणणे ऐकून, पुन्हा अभ्यास करून सभा परत बसते. यात वेळ जातो, चिडचिड होते, काही निर्णय रखडतात. स्वातंत्र्याची ही किंमत आहे आणि ती मोजायला हवी. अभ्यासगट म्हणजे समाजाने रोज आपले हातपाय तपासणे.

या जिल्ह्यांनी सुखाचे इतर मक्तेदारही पाहिले. 1980 च्या सुमारास नक्षलवादी आले. तेंदूपत्त्याची मजुरी त्यांनी वाढवून घेतली हे खरे. पण समतेचे राज्य आणायचे म्हणून त्यांनी ‘खबऱ्या’ ठरवून आदिवासींनाच मारले. बंदुकीपुढे ‘नाही’ म्हणता येत नाही. आता विकासाची भाषा आली आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि तोच डोंगर माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे. खाणीने रोजगार दिला, रस्ते दिले. तिथल्या तरुणाला पगार हवासा वाटतो यात गैर काही नाही. पण परिसरातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले तेव्हा त्या ठरावांमुळे काही थांबले का? ज्या संमतीत नकाराची मुभा नाही, ती संमती मानता येणार नाही.

आणि आपणही सुटलेलो नाही. पानठेल्यावर घोटला जाणारा तंबाखूचा खर्रा आणि हातातल्या मोबाइलवर सरकत राहणारी चित्रे, दोन्ही विचारापुरती फट बुजवून टाकतात. त्यासाठी हुकूमशहा लागत नाही. आपली दमलेली संध्याकाळ पुरते.

म्हणून कोणत्याही सुखाची पारख एकाच कसोटीवर करावी, असे मला वाटते. योजना असो, खाण असो, दारूबंदी असो वा दारूचे दुकान, ज्यांच्यासाठी ते आणले त्यांना आधी समजून घ्यायला वेळ मिळाला का आणि त्यांचा नकार मोजला गेला का? या कसोटीवर मेंढा-लेखा टिकते. मंत्रालयाला आणि बंदूकधाऱ्याला ती अजून द्यायची आहे. शहरातल्या वाचकांनी ग्रामसभेचा हा नकाराधिकार आपलाच मानावा, तो मोडला जातो तेव्हा बोलावे आणि आपल्या सोसायटीत, प्रभागात, संस्थेत त्याची मागणी करावी. नकाराची सवय मोडलेल्या समाजाला होकाराचाही अधिकार फार दिवस उरत नाही.