अंगावरून वारे गेले, मन मात्र जागे आहे

घरातल्या कर्त्या माणसाच्या अंगावरून वारे गेले की शेजारीपाजारी येतात, हळहळतात आणि उठताना म्हणतात, "ज्याचे त्याचे भोग!" दीक्षा घेतलेल्या घरांतूनही हा शब्द अजून गेलेला नाही. या शब्दाने आजाऱ्याचे दुःख कमी होते की वाढते, याचा विचार आपण केला पाहिजे.

पक्षाघात पापाने होत नाही. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते वा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही त्याची प्रमुख कारणे. संयुक्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक भगवान बुद्धांना विचारतो, सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते काय? भगवान पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी निरनिराळी कारणे सांगतात आणि सारे पूर्वकर्मावर ढकलणारे मत चुकीचे ठरवतात.

लुळा पडलेला हात सर्वांना दिसतो, खचलेले मन दिसत नाही. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना पुढे नैराश्य ग्रासते. काल ज्याच्या मजुरीवर चूल पेटत होती, त्याला आज सदऱ्याची गुंडी लावायला दुसरा माणूस लागतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर पुष्कळांची वाचा जाते. मनात सारे असते, शब्द ओठांवर येत नाही. कोणाला कारण नसता रडू कोसळते. तोही मेंदूच्या इजेचा परिणाम असू शकतो. अशा माणसाला "मन घट्ट कर" म्हणणे म्हणजे मोडलेल्या पायाला चाल म्हणण्यासारखे आहे.

१९९५ साली फ्रान्समधील संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांचे जवळजवळ सारे शरीर पक्षाघाताने निश्चल झाले. डाव्या पापणीच्या उघडझापीने एकेक अक्षर निवडून त्यांनी पुस्तक सांगितले. ते १९९७ साली प्रसिद्ध झाले. पण समोर बसून ती अक्षरे धीराने टिपून घेणारे कोणी नसते, तर ते मन आतच कोंडून राहिले असते.

करुणा म्हणजे हळहळ नव्हे. आजाऱ्याचे अडखळते वाक्य पुरे होईपर्यंत थांबणे, ही करुणा. मुलीच्या शाळेचा, घराच्या कर्जाचा निर्णय घेताना त्याला विचारणे, ही मैत्री. त्याच्या उशाशी "आता याचे काय उरले?" असे न बोलणे, हे शील. आणि उदासी हटत नसेल तर देवऋषीकडे न जाता डॉक्टरांना मोकळेपणाने सांगणे, कारण नैराश्यावर उपचार आहेत, ही प्रज्ञा.

बंधुभगिनींनो, 'भोग' हा शब्द आजाऱ्याला एकटे पाडतो आणि आपल्याला कर्तव्यातून सोडवतो. म्हणूनच तो आपल्या घरातून हद्दपार झाला पाहिजे.