नेली, आणली, राहिली

अमेरिकेच्या वाङ्मयात सतराव्या शतकापासून रुजलेल्या एका गद्यप्रकाराला मराठीत 'बंदिवासकथन' म्हणता येईल. सरहद्दीवर वस्ती करून राहिलेल्या गोऱ्या कुटुंबातील कोणी, बहुधा एखादी स्त्री, त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या हाती लागते, त्यांच्यात काही आठवडे किंवा काही वर्षे काढते, पुढे खंडणी भरून, बोलणी करून किंवा फौजेच्या जोरावर तिची सुटका होते आणि आपल्या माणसांत परतल्यावर ती आपली हकिकत छापून प्रसिद्ध करते, असा त्याचा साचा आहे. मॅसॅच्युसेट्समधील मेरी रोलंडसन ही धर्मोपदेशकाची पत्नी १६७६ मध्ये पकडली गेली, अकरा आठवड्यांनी वीस पौंडांच्या खंडणीवर सुटली आणि १६८२ मध्ये तिचे पुस्तक निघाले. तेव्हापासून दोनशे वर्षे या प्रकाराला वाचकांची वाण पडली नाही.

या परंपरेतील उत्तरकाळचे प्रसिद्ध नाव फॅनी केली हिचे. सोन्याच्या आणि जमिनीच्या ओढीने पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांच्या एका लहान तांड्यावर, आजच्या वायोमिंग राज्यात, १८६४ च्या जुलैमध्ये सू लोकांनी छापा घातला आणि तिला नेले. 'सू' हे बाहेरच्यांनी दिलेले नाव आहे. ते लोक स्वतःला लाकोटा, डाकोटा असे म्हणवतात. फॅनीने वाढवलेली भाची त्या प्रसंगात मारली गेली, ती स्वतः पाच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, फोर्ट सली या लष्करी ठाण्यावर पोहोचली आणि १८७१ मध्ये तिचे पुस्तक आले. त्या पुस्तकात तिचे दुःख खरे आहे, भीतीही खरी आहे. मात्र ज्या वाटेने तिचा तांडा चालला होता ती वाट कोणाच्या शिकारीच्या मुलखातून जात होती, हा प्रश्न वाचकाला पडू नये अशीच या प्रकाराची बांधणी असते. बंदिवानाची कथा वाचकाला ज्या समाजाची दया करायला लावते, त्याच समाजाच्या हाती ती एक हत्यारही देते.

हे कथन किती कडक अटींवर ऐकले जाते, याचा पुरावा फॅनीच्या दोन वर्षे आधीच्या एका प्रकरणात सापडतो. मिनेसोटात १८६२ मध्ये कराराची रक्कम वेळेवर न मिळाल्याने उपासमारीला आलेल्या डाकोटांनी उठाव केला, तेव्हा सारा वेकफील्ड ही डॉक्टरची पत्नी मुलांसह सहा आठवडे त्यांच्यात होती आणि चास्का नावाच्या डाकोटाने तिला व मुलांना वाचवले. उठाव मोडल्यावर भरलेल्या लष्करी न्यायासनापुढे तिने त्याच्या बाजूने साक्ष दिली. तरीही २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकॅटो येथे एकाच वेळी फाशी दिलेल्या ३८ जणांत चास्का होता; नावाच्या गोंधळात हे घडले असे सरकारी बाजूने सांगण्यात आले. त्याच्या बाजूने बोलल्याबद्दल साराच्या वाट्याला मात्र गोऱ्या समाजाचा संशय आणि कुचाळकी आली. पळवून नेणाऱ्यांविषयी तिरस्कार व्यक्त करणारी स्त्री विश्वसनीय ठरते आणि त्यांच्यापैकी एकाने आपल्याला वाचवले असे सांगणारी स्त्री बाटलेली ठरते, ही रीत केवळ मिनेसोटाची नाही.

तिचा दुसरा पत्ता मराठवाड्यात सापडतो. आजचे नांदेड आणि लातूर हे जिल्हे १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील गाव होते, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. 'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे ते सशस्त्र दल होते आणि त्याचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस होता. १९४७ आणि १९४८ या दोन वर्षांत या दलाने गावोगाव वसुली लावली; जिथे विरोध झाला तिथे लूट, जाळपोळ, खून आणि काही ठिकाणी बायका पळवणे असे प्रकार घडले. ज्यांना जमले त्यांनी बायकापोरांना सरहद्दीपलीकडे, म्हणजे सोलापूर-बार्शीच्या बाजूला किंवा वऱ्हाडात, हलवले. आजही त्या पिढीच्या बोलण्यात 'रझाकारात' हा शब्द माणसांपेक्षा काळ दाखवण्यासाठीच अधिक येतो, जसा 'दुष्काळात' यावा तसा.

त्यानंतर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. फौजांनी केलेल्या या मोहिमेला 'पोलीस कारवाई' हे नाव पडले, लोकांच्या तोंडी ती 'पोलीस ॲक्शन' झाली, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाड्यात हा मुक्तिदिन आहे आणि तो तसाच असायला हवा, कारण एका सरंजामी सत्तेचा आणि तिच्या आश्रयाने वाढलेल्या दहशतीचा त्या दिवशी शेवट झाला. परंतु पुढच्या आठवड्यांत ज्यांच्यावर सूड उगवला गेला ते बहुतांशी रझाकार नव्हते. ते मुसलमान होते, एवढेच पुरेसे ठरले.

या घटनांची चौकशी करण्यासाठी केंद्राने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. त्यांनी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानातील सोळापैकी नऊ जिल्ह्यांत दौरा केला आणि मृतांचा आकडा सावधपणे धरला तरी २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून त्यांनी नोंदवलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे आहेत. म्हणजे आजचे नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे त्या पट्ट्यातच येतात. लातूर शहराविषयी अहवाल सांगतो की तिथे सुमारे १० हजार मुसलमान वस्तीपैकी समितीला जेमतेम ३ हजार आढळले, हजारावर मारले गेले होते आणि उरलेले जीव घेऊन पळाले होते. काही ठिकाणी लष्करातील व पोलिसांतील माणसांनी लुटीत व अत्याचारात भाग घेतल्याचे, आणि अन्यत्र लष्करी अधिकाऱ्यांनी शिस्तीने लोकांना वाचवल्याचेही त्यात आहे. बायकांवरचे बलात्कार, त्यांना पळवून नेणे, सक्तीची धर्मांतरे यांचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. हा अहवाल दिल्लीत कोणाला रुचला नाही आणि तो कित्येक दशके प्रसिद्धही झाला नाही, ए. जी. नूरानी यांच्या २०१३ मधील पुस्तकाने तो सामान्य वाचकापर्यंत आणला.

त्याच अहवालात चर्चेत क्वचितच येणारे एक निरीक्षण आहे: पळवलेल्या मुसलमान बायकांना शोधून परत आणण्याच्या कामी पुष्कळ हिंदूंनी मदत केली. एकाच धंद्यातील माणसे एकमेकांसाठी उभी राहिली, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, असेही समिती लिहिते. सूड उगवणाऱ्यांची नावे जशी कोणी कागदावर उतरवली नाहीत, तशीच या परत आणणाऱ्यांचीही उतरली नाहीत. ते कोण होते, याहून अधिक महत्त्वाचे असे की, ज्यांना आणले त्या बायकांना त्या वेळी काय हवे होते याची नोंद अहवालात नाही. तीन पुरुषांच्या समितीकडून, तेवीस दिवसांच्या दौऱ्यात, ती अपेक्षाही धरता येत नाही.

पंजाबात हा प्रश्न कायद्याच्या रूपाने आला, म्हणून तिथे तो निदान वाचता येतो. फाळणीत दोन्ही बाजूंनी पळवलेल्या स्त्रियांना परत करण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांच्यात डिसेंबर १९४७ मध्ये झाला, मृदुला साराभाई यांच्या पुढाकाराने शोधकार्य उभे राहिले आणि १९४९ मध्ये अपहृत व्यक्तींचा शोध व पुनर्स्थापना यासंबंधीचा कायदा संमत झाला. त्यातील 'अपहृत व्यक्ती'ची व्याख्या मुळातून पाहण्यासारखी आहे. १ मार्च १९४७ रोजी किंवा त्यानंतर आणि १ जानेवारी १९४९ पूर्वी कुटुंबापासून तुटलेला आणि दुसऱ्या कोणाच्या ताब्यात वा घरात आढळलेला, सोळा वर्षांखालील मुसलमान मुलगा किंवा कोणत्याही वयाची मुसलमान स्त्री, अशी ती व्याख्या. पुरुषाला सोळाव्या वर्षानंतर स्वतःचे मत असू शकते असे कायदा धरून चालतो, स्त्रीला ते कोणत्याच वयात असते असे धरत नाही. अशी स्त्री आढळल्यास पोलिसांनी तिला वॉरंटाशिवाय ताब्यात घ्यावे, छावणीत ठेवावे आणि वाद उद्भवल्यास न्यायाधिकरणाने निर्णय द्यावा, अशी तरतूद होती. अशा ताब्याला अटक म्हणायचे नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये अजैबसिंग खटल्यात दिला.

पोलीस कारवाईनंतरची अपहरणे या कायद्याच्या कालमर्यादेत बरोबर बसतात. प्रदेशाच्या मर्यादेत बसत नाहीत. पूर्व पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत, पतियाळा संघ आणि राजस्थान एवढ्यापुरताच तो लागू होता, आणि हैदराबाद त्यात नव्हते. सक्तीच्या सुटकेची जाचक यंत्रणा मराठवाड्यातल्या बायकांच्या वाट्याला आली नाही, याला सुदैव म्हणावे काय? तिच्यासोबत येणारे रजिस्टर, छावणी, समाजसेविकांची टिपणे, न्यायालयीन कागद यांतलेही काही आले नाही. पंजाबच्या स्त्रियांविषयी कमला पटेल गुजरातीत आठवणी लिहू शकल्या, आणि १९९८ मध्ये ऋतू मेनन व कमला भसीन यांचे आणि उर्वशी बुटालिया यांचे, अशी दोन पुस्तके निघाली, कारण आधी कोणीतरी, कितीही कोरडेपणाने, नोंद केली होती. मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाचे लेखन विपुल आहे. अनंत भालेराव आणि नरहर कुरुंदकर यांच्यासारख्या समर्थ लेखकांनी त्याची राजकीय आणि वैचारिक बाजू मांडली, तथापि त्या लेखनाचा मुख्य विषय सत्ता आणि लढा हा होता, घर नव्हते.

घरात परत घेणे हा प्रश्न या भूमीला नवा नव्हता. म्लेंच्छांनी पळवून नेलेल्या स्त्रीपुरुषांना कोणत्या प्रायश्चित्तानंतर शुद्ध मानावे, याचा विचार देवलस्मृती करते, आणि तिच्यातील विधी पुढच्या काळाच्या मानाने सौम्य आहेत. शास्त्राने उघडलेले दार रूढीने लावून घेतले, असे या बाबतीत म्हणावे लागते. फाळणीनंतर गांधींना आणि नेहरूंना परत आलेल्या बायकांना सन्मानाने स्वीकारा असे लोकांना जाहीरपणे विनवावे लागले, यावरून ते दार किती घट्ट लागले होते ते कळते. आणि स्वीकारले तरी काय होते, हे राजिंदरसिंग बेदी यांच्या 'लाजवंती' या कथेने दाखवले आहे: नवरा परतलेल्या बायकोला देवी म्हणून पूजतो, आणि ती आपल्यावर गुदरलेले सांगू लागली की ते ऐकायचे टाळतो. अब्रू ही कुटुंबाची मालमत्ता असल्यावर तिच्या हानीची वाच्यता करणे म्हणजे हानी वाढवणे, हा व्यवहार लातूरच्या पेठेतल्या हिंदू घराने जसा पाळला तसाच मुसलमान घरानेही पाळला. एकाने रझाकारांचे नाव घेऊन बाकीचे गिळले, दुसऱ्याने पोलीस ॲक्शनचे.

ज्या परत आल्याच नाहीत, त्यांच्याविषयी बोलणे तर त्याहून अवघड आहे. टेक्ससमध्ये १८३६ साली, नऊ-दहा वर्षांची असताना, सिंथिया ॲन पार्कर हिला कोमांची लोकांनी नेले. ती त्यांच्यात वाढली, तिचे लग्न झाले, तीन मुले झाली, त्यांतला क्वाना पुढे त्या लोकांचा नामांकित पुढारी झाला. चोवीस वर्षांनी, १८६० च्या डिसेंबरमध्ये, टेक्ससच्या सशस्त्र दलाने तिला तान्ह्या मुलीसह 'सोडवले', आणि त्यानंतरचे आयुष्य तिने गोऱ्या नातलगांच्या घरून पळून जाण्याच्या प्रयत्नांत घालवले. तिला एकदा नेले होते की दोनदा, हे ठरवताना वर्तमानपत्रांना अडचण पडली नाही. पहिल्या नेण्यातील हिंसा खोटी नव्हती, त्यात तिच्या घरची माणसे मारली गेली होती; तरीही तिचे घर आता कोणते, हा प्रश्न त्या हिंसेने सुटत नव्हता. पंजाबच्या छावण्यांत जाण्यास नकार देणाऱ्या, नव्या घरात मुले झालेल्या बायकांनी हाच प्रश्न भारतीय अधिकाऱ्यांपुढे ठेवला. जबरीने सुरू झालेल्या संसारात पुढे माया रुजूच शकत नाही, असे मानणे सोपे होते. आणि माया रुजली म्हणून जबरी माफ होते, असे मानणेही तितकेच सोपे. अधिकाऱ्यांनी पहिले मानले, घरधन्यांनी दुसरे.

मराठीत या बायकांविषयी जी क्रियापदे वापरली जातात ती एका ओळीत मांडून पाहावीत: पळवली, नेली, बाटवली, ठेवली, सोडवली, आणली, घरात घेतली. या प्रत्येक वाक्याचा कर्ता दुसराच कोणी आहे, रझाकार, जमाव, नवरा, दीर, पोलीस, समिती. बाई व्याकरणातले कर्म आहे. हकिकतीत ती कर्ता होते असे क्रियापद एकच उरते, 'राहिली', आणि गावात ते नेहमी आवाज खाली आणून उच्चारले जाते.