खंडपट आणि काळीज

अखंड वस्त्रातून काही तंतू निघून गेले, तर उरते ते वस्त्र पूर्वीचे नव्हे. पूर्वीचा अवयवी, म्हणजे अवयवांची मिळून झालेली अखंड वस्तू, नष्ट झाला आणि शिल्लक तंतूंपासून ‘खंडपट’ हा नवा अवयवी उत्पन्न झाला, असे वैशेषिक दर्शनाचे अनुयायी मानतात. बौद्धांना इतकेही मान्य नाही. तंतूंहून निराळा पट मुळी नव्हताच, असे त्यांचे म्हणणे. हा वाद शतकानुशतके घट, पट आणि रथ यांच्या आश्रयाने चालला. परंतु जी वस्तू छेदल्यावर आपली आपणच भरून येते, तिच्यापुढे तो मांडला तर काय निष्पन्न होईल, हा प्रश्न मला फार दिवस स्वस्थ बसू देत नाही.

हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी १९३१ साली पांढऱ्या उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढून घेण्याची पद्धत वर्णिली. अशा छेदानंतर आठ-दहा दिवसांत यकृताचे वजन जवळजवळ पूर्ववत होते. मात्र गेलेले खंड पुन्हा उगवत नाहीत, उरलेलेच वाढतात. आकृती गेली ती गेलीच, परत येते ते केवळ सामर्थ्य. आणि ही वाढ मुख्यतः कोणा राखीव मूलपेशींची नसून, विभाजनाचे काम सोडून शरीराच्या कारभारात गढून गेलेल्या पोक्त यकृतपेशींचीच असते, याचे मला विशेष वाटते. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताचा सारा भार उरलेल्या भागावर पडतो, तेथील कुफर पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्ये सोडतात, त्यांनी सावध झालेल्या यकृतपेशींना वृद्धिद्रव्यांचा हुकूम पोहोचतो, आणि मग पित्त करणे, साखर साठवणे, विषे निर्वीर्य करणे या नित्यकर्मांत खंड न पाडता त्या एकीच्या दोन होतात. पुढे वजन देहाच्या प्रमाणात आले की हे विभाजन आवरते. ही हद्द ज्या पेशींना उरत नाही, त्यांच्या वाढीलाच आपण कर्करोग म्हणतो.

आपल्या भाषेने ‘काळीज’ हे नाव मुळात यकृतालाच दिले आणि माया, धैर्य, व्यथा ही सारी त्याच्याच खाती जमा केली. लेकराला ‘काळजाचा तुकडा’ म्हणणाऱ्या आईने आपल्या यकृताचा तुकडा खरोखरच लेकराला द्यावा, ही गोष्ट १९८९ पासून शस्त्रवैद्यांनी साध्य केली आहे. आईच्या पोटात उरलेला भाग थोड्याच महिन्यांत बहुतांशी भरून येतो, आणि तुकडा लेकराच्या पोटात त्याच्या वयाबरोबर वाढत जातो. तेथील यकृतपेशींतले जनुक मात्र आईचेच राहतात. आता या दोहोंतले पूर्वीचे यकृत कोणते? मला वैशेषिकांचे उत्तर येथे अपुरे वाटते, कारण त्यांचा खंडपट खंडितच राहतो. आणि बौद्धांचेही पुरते पटत नाही, कारण केवळ पेशींचा समुदाय म्हटला, तर कोठे थांबायचे ते त्याला कोण सांगते?

१९९२ साली पिट्सबर्ग येथे बबून वानराचे यकृत एका मनुष्याच्या देहात बसविले गेले. तो रुग्ण ७० दिवस जगला. पण तेवढ्या मुदतीत ते यकृत वानराच्या मापावर न थांबता मनुष्याच्या मापापर्यंत वाढले. आपले परिमाण त्याने ज्या देहातून आणले होते त्याचे धरले नाही. ज्या देहाने त्याला आश्रय दिला होता, त्याचे धरले.