अनन्यता आणि पंथत्याग

पंथ सोडणाऱ्याकडून अनन्यतेचा भंग घडतो काय, असा प्रश्न जिज्ञासू वारंवार करतात. आचार्य रजनीशांच्या संप्रदायाचे उदाहरण घेऊ. १९८१ मध्ये त्यांची वसाहत पुण्याहून अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात गेली. १९८४ मध्ये तेथील काही प्रमुखांनी द डॅल्स या गावी उपाहारगृहांतील अन्नात रोगजंतू मिसळविले. ७५१ माणसे आजारी पडली. १९८६ मध्ये न्यायालयाने दोघींस शिक्षा दिली.

लोकनिंदा निराळी, सिद्ध झालेला दोष निराळा. निंदा तर आपल्याही पंथाच्या वाट्यास शतकानुशतके आली. तेवढ्याने निघून जाणाऱ्यास आपण भेकडच म्हणू. येथे मात्र हिंसा घडली. अहिंसा हा ज्यांचा आचार, त्यांनी तेथून निघालेल्यास कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

१९९० मध्ये रजनीशांचे देहावसान झाल्यावर त्यांचे पुष्कळ अनुयायी लखनौस पूंजाजींकडे गेले. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्यादी भक्तही ऋद्धिपुरास श्रीप्रभूंच्या सन्निधानी गेले, असा दाखला कोणी देतात. तो जुळत नाही. ते जाणे स्वामींच्या आज्ञेने होते, शोधार्थ नव्हे.

तथापि अनन्यता परमेश्वराशी असते, मठाच्या व्यवस्थेशी नव्हे. ज्यास परमेश्वराचा बोधच झाला नाही, त्याची अनन्यता मोडेल कशी? त्याचे हिंडणे ही जिज्ञासाच होय. मात्र अधिक सुख जेथे वाटेल तेथे बसणे, ही जिज्ञासा नव्हे. बोध होऊनही जो अन्यत्र वळला, त्यासच अन्यव्यावृत्तीचा निषेध लागतो.

असा मनुष्य मठात आला की पूर्वगुरूची निंदा त्याच्या तोंडून वदवून घेण्याची आपल्यातील काहींस हौस असते. त्यास आधी भोजन द्यावे.