देव छापले, माणसं राहिली

होळीपासून पाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. गाढवांचा बाजार, भटक्यांची पालं, रेवड्यांचे ढीग, नवसाला आलेली कुटुंबं. तसबिरींच्या दुकानात मात्र कानिफनाथ, नवनाथ आणि मोहट्याची देवी. गाढवाचा सौदा पटवणारा माणूस कुठल्याच चौकटीत नसतो.

जपानमध्ये तो असता. एदो, म्हणजे आजचं टोकियो, तिथल्या लाकडी ठशांच्या चित्रांना हाच माणूस हवा होता. हिरोशिगेनं १८३३-३४च्या सुमारास एदो ते क्योतो रस्त्यावरच्या त्रेपन्न मुक्कामांची मालिका केली. तिच्यात शोनोच्या चित्रात पावसाची सर कोसळते आहे आणि मेणा वाहणारे हमाल वाकून चढ चढताहेत. उतामारोनं केस विंचरणाऱ्या बायका काढल्या, शाराकूनं काबुकी नाटकांतल्या नटांचे वेडेवाकडे चेहरे. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक, असा चौघांचा हा धंदा होता. साधं चित्र नूडल्सच्या वाडग्याच्या भावात मिळे.

आपल्याकडेही स्वस्त चित्रं छापली गेलीच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली, १८९४ साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना. तंत्र होतं, गिऱ्हाईकही होतं. पण ती चित्रं बहुतेक देवघरात किंवा दिवाणखान्यात जायची. तिथं राम, लक्ष्मी, शिवाजी महाराज शोभतात, हमाल नाही. चित्राची जागा आधी ठरली, मग विषय. मला तरी दोष चित्रकाराचा वाटत नाही.

जपानमध्येही सगळं आलबेल नव्हतं. १८४२ साली सरकारनं नट आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी घातली. तेव्हा कुनियोशीनं मांजरं काढली, त्यांना नटांचे चेहरे दिले. लोकांनी ओळखायचे ते ओळखले! मजेसाठी घेतलेल्या चित्रात असा वात्रटपणा खपतो. हळद-कुंकू लावायच्या चित्रात नाही.

आपल्याकडे नटांच्या त्या चित्रांचं नातं शोधायचं तर ते तमाशाच्या पोस्टरशी लागेल. यात्रेच्या गावात भिंतीवर खळीनं चिकटवलेलं, फडाचं नाव ठळक, नाचणारीण आणि सोंगाड्या भडक रंगात. ते पुजायला नव्हतं, बोलवायला होतं. म्हणूनच त्यात माणसं आली. आणि म्हणूनच ते कुणी जपलं नाही. पुढच्या फडाचं पोस्टर त्याच्यावरच चिकटलं. जपानी चित्रं संग्रहालयांत पोचली. आपली शोधून काढायची तर तालुक्याच्या गावातल्या जुन्या छापखान्यांच्या माळ्यांपासून सुरुवात करावी लागेल.