खाल्ल्या मिठाचा हिशेब

हुकूमशहाची चाकरी करणाऱ्या सुशिक्षितांच्या नैतिक जबाबदारीचा विचार बहुधा भीतीपासून सुरू होतो आणि तिथेच अडकतो. मानेवर सुरी असताना माणूस काय करणार, असे एकदा म्हटले की पुढची चर्चा खुंटते. परंतु नाझी जर्मनीतील (१९३३–१९४५) न्यायाधीश, डॉक्टर आणि सनदी अधिकारी यांचे जे दप्तर मागे उरले, त्यात ही सुरी क्वचितच दिसते. दिसतात ते मसुदे, अभिप्राय, शेरे आणि सह्या. नुसती हुकुमाची अंमलबजावणी हवी असेल तर राजवटीला शिपाई पुरतात. कायदेपंडित आणि मनोविकारतज्ज्ञ तिला लागतात ते त्यांच्या विद्येसाठी, आणि म्हणून जबाबदारीचा प्रश्नही त्या विद्येपाशीच उभा राहतो.

१९३९च्या अखेरीस सुरू झालेल्या आणि बर्लिनमधील टीअरगार्टनस्ट्रासे ४ या पत्त्यावरून पुढे ‘टी-४’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मोहिमेत मनोरुग्णांना आणि मतिमंदांना विषारी वायूने मारण्यात आले. कामाची रीत कचेरीतल्यासारखी होती. रुग्णालयांकडून प्रत्येक रुग्णाचा एक छापील तक्ता भरून येई. त्यात आजाराचे नाव, रुग्णालयातील वास्तव्याचा काळ आणि काम करण्याची कुवत यांची नोंद असे. तीन तज्ज्ञ डॉक्टर तो वाचून, रुग्णाला एकदाही न पाहता, ठरलेल्या चौकटीत खूण करीत. तांबड्या पेन्सिलीने अधिकचे चिन्ह म्हणजे मृत्यू, निळ्या पेन्सिलीने वजाचे चिन्ह म्हणजे जीवदान. ऑगस्ट १९४१पर्यंत अशा रीतीने ७०,०००हून अधिक माणसे मारली गेली. ज्या पत्राच्या आधारे हे चालले त्यात हिटलरने कोणत्याही डॉक्टरला मारण्याचा हुकूम दिलेला नव्हता. असाध्य ठरलेल्या रुग्णांना ‘दयामरण’ देण्याचा अधिकार तेवढा दिला होता. तो अधिकार वापरायचा की नाही हे डॉक्टरच्या हातात होते, हेही कागदोपत्री दिसते. गॉटिंगेनचे प्राध्यापक गॉटफ्रीड एवाल्ड यांना १९४०मध्ये या कामासाठी बोलावले असता त्यांनी नकार दिला, विरोध लेखी कळवला आणि ते आपल्या अध्यापनपदावर कायम राहिले.

नकाराची किंमत नेहमीच इतकी कमी होती, असे यावरून म्हणता येत नाही. पण भीतीचे समर्थन दुबळे ठरते तेव्हा सुशिक्षित माणूस ज्या दुसऱ्या समर्थनाचा आसरा घेतो, ते अधिक गंभीर आहे, कारण त्याला नीतीचा चेहरा असतो. आपण जागा सोडली तर तिथे आपल्याहून वाईट माणूस येईल, तेव्हा अनर्थ आटोक्यात ठेवण्यासाठी आपण तिथेच राहिले पाहिजे, असे ते समर्थन असते. १९४७मध्ये न्यूरेंबर्ग येथील अमेरिकन लष्करी न्यायालयापुढे जर्मन न्यायखात्याचे अधिकारी आणि न्यायाधीश यांचा खटला चालला, त्यातील प्रमुख आरोपी फ्रान्झ श्लेगेलबर्गर यांचा बचाव नेमका हाच होता. ते नाणावलेले कायदेपंडित होते आणि जानेवारी १९४१ ते ऑगस्ट १९४२ या काळात न्यायखात्याचा कारभार त्यांच्या हाती होता. ऑक्टोबर १९४१मध्ये अंड्यांचा साठा केल्याबद्दल एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या ज्यू म्हाताऱ्याला विशेष न्यायालयाने अडीच वर्षांची कैद दिली. ही शिक्षा हिटलरला सौम्य वाटल्याचे कळताच श्लेगेलबर्गर यांनी काही दिवसांतच त्या म्हाताऱ्याला गेस्टापोच्या, म्हणजे गुप्त राजकीय पोलिसांच्या, हवाली केल्याचे उत्तर पाठवले. हवाली केले ते मारण्यासाठी. न्यायखाते पोलीसप्रमुख हिम्लरच्या हातात जाऊ नये म्हणून आपण टिकून राहिलो, असे सांगणाऱ्या माणसाने इथे हिम्लरचेच काम न्यायखात्याच्या शिक्क्यानिशी करून दिले होते. निवृत्तीच्या वेळी हिटलरने त्यांना एक लाख मार्कांची देणगी दिली. न्यायालयाने त्यांना एक शोकात्म व्यक्ती मानले आणि जन्मठेपही दिली. मात्र प्रकृतीच्या कारणावरून ते काही वर्षांतच सुटले.

या समर्थनातली खोच राजकीय विचारवंत हॅना आरेन्ट यांनी १९६४च्या सुमारास ओळखली होती: दोन वाइटांतले कमी वाईट निवडणारा माणूस आपण वाईटच निवडले आहे हे लवकर विसरतो. त्याला जोडून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सौम्य, अभ्यासू, सुसंस्कृत माणूस पदावर आहे एवढ्यानेच त्या पदाला प्रतिष्ठा येते आणि खालचे शेकडो कारकून व न्यायाधीश निर्धास्तपणे सह्या करतात. म्हणजे त्याने एखाददुसरा अनर्थ टाळला तरी त्याच्या उपस्थितीने उरलेले सगळे अनर्थ पचनी पडतात.

मराठी वाचकाला हा पेच अनोळखी नाही. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, की स्वतःला हरून बसलेल्याला पत्नीला पणाला लावण्याचा हक्क उरतो काय. त्यावर भीष्मांनी धर्म सूक्ष्म आहे असे सांगून निर्णय देण्याचे टाळले. पुढे युद्धारंभी युधिष्ठिर भेटीस आला तेव्हा आपण कौरवांच्या अर्थाने बांधले गेलो आहोत, अशी कबुलीही त्यांनी दिली. खाल्ल्या मिठाला जागण्याची ही नीती आपल्याकडे मोठी मानली जाते. पण त्याच सभेत विदुर बोलला, आणि विदुरानेही तेच मीठ खाल्ले होते; दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्णही बोलला. ज्याच्या शब्दाला सभेत सर्वांत अधिक वजन होते, त्यानेच तो तांत्रिक अडचणीत गुंडाळून ठेवला, हा भीष्मांवरचा खरा आक्षेप आहे. मीठ मालकाचे असेल, पण शास्त्राचे ज्ञान मालकाने दिलेले नव्हते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३मधील खुनानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पद सोडणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांची जी आठवण महाराष्ट्राने जपली आहे, तिच्यात हाच विवेक आहे. पेशव्यांचे अन्न त्यांनीही खाल्ले होते.

जर्मनीत रामशास्त्र्यांच्या जवळपास जाणारा न्यायाधीश होता तो लोथार क्रायसिग. हाफेल नदीवरच्या ब्रांडेनबुर्ग गावी मनोरुग्णांच्या पालकत्वाचे काम त्याच्याकडे होते. आपल्या अखत्यारीतील रुग्ण एकामागून एक मरत असल्याचे ध्यानात येताच त्याने १९४०मध्ये न्यायमंत्री ग्युर्टनर यांना पत्र लिहिले, मोहिमेच्या सूत्रधारांपैकी एक असलेल्या फिलिप बोउलरविरुद्ध खुनाची फिर्याद दिली आणि आपल्या संमतीवाचून रुग्ण हलवू नयेत असे रुग्णालयांना बजावले. ग्युर्टनर यांनी हिटलरचे पत्र पुढे केले. ते कायदा होऊ शकत नाही, असे क्रायसिगचे म्हणणे होते. तो राजवटीला शरण न गेलेल्या ‘कन्फेसिंग चर्च’ या प्रोटेस्टंट पंथगटाचा होता, आणि राज्याची इच्छा हेच अंतिम प्रमाण मानण्यास त्याच्या श्रद्धेत जागा नव्हती. त्याला सक्तीने निवृत्त करण्यात आले. उरलेले युद्ध त्याने शेती करण्यात घालवले. एवढ्यावरच निभावेल हे पत्र लिहिताना त्याला ठाऊक नव्हते, म्हणून ही शिक्षा सौम्य ठरल्याने त्याचे धैर्य कमी ठरत नाही. मात्र बाकीच्या न्यायाधीशांच्या मौनाचे समर्थन त्यामुळे बरेच पातळ होते.

क्रायसिगच्या उजेडात बाकीच्यांना दोषी ठरवणे सोपे आहे. बेर्नहार्ड ल्योजनर याच्याबाबत ते तितके सोपे नाही. गृहखात्यातील हा अधिकारी १९३५च्या ज्यूविरोधी न्यूरेंबर्ग कायद्यांच्या आणि त्यांच्या नियमावलीच्या मसुद्यात सामील होता. आजी-आजोबांपैकी दोघेच ज्यू असलेल्यांनाही ज्यूच धरावे असा नाझी पक्षातील जहालांचा आग्रह होता. त्याविरुद्ध भांडून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साधारणतः तीन ज्यू आजी-आजोबांची रेषा ओढली. रेषेबाहेर राहिलेले बहुतेक लोक जर्मनीत युद्धाअखेर जिवंत होते, आणि याचे श्रेय त्याला नाकारता येत नाही. डिसेंबर १९४१मध्ये रीगाजवळ बर्लिनच्या ज्यूंची कत्तल झाल्याचे कानी आल्यावर त्याने हे काम आपल्याच्याने होणार नाही असे वरिष्ठांना सांगितले. पण रेषा तोवर आखली गेली होती. २० जानेवारी १९४२ रोजी वान्झे येथे जमलेल्या पंधरा अधिकाऱ्यांपुढे, ज्यांतले निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले होते, कोणाला पूर्वेकडे, म्हणजे मरणाकडे, न्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवताना जी वर्गवारी आली ती या नियमावलीतूनच आली होती. वाचलेल्यांचा आकडा ल्योजनरच्या खाती जमेस धरावाच लागतो. मात्र आत राहिलेल्यांना नावनिशीवार शोधून काढण्याचे साधनही त्याच रेषेने पुरवले, आणि त्या नोंदीचे खाते जमेच्या आकड्याने भागत नाही.